साखरेचा गुलाब उन्हाळ्यात तडकतो, पावसाळ्यात मान टाकतो

ताई, तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात केकवरच्या साखरेच्या गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा तडकायच्या आणि आता श्रावणात त्याच मापाच्या पेस्टची फुलं परभणीत एका रात्रीत लोंबतात. तुमचं माप बरोबरच आहे, हवा बदलली. मराठवाड्यात एकच माप बारा महिने चालत नाही.

बिनअंड्याच्या गमपेस्टला (फुलं घडवायची साखरेची पेस्ट) २५० ग्रॅम फॉन्डंट (केकवर चढवतात ती मऊ साखरेची पेस्ट), ५ मिलीचा एक सपाट चमचा सीएमसी (पेस्टला ताठपणा देणारी खाद्य पावडर) आणि अर्धा चमचा डालडा घ्या. मळून क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा आणि रात्रभर ठेवा. सीएमसी फुगायला तेवढा वेळ लागतोच. उन्हाळ्यात सीएमसी पाऊण चमचा करा, डालडा किंचित वाढवा आणि एका वेळी दोन-तीनच पाकळ्या कापा. बाकीची पेस्ट झाकलेली हवी. पावसाळ्यात सीएमसी सव्वा चमचा घ्या. ग्लिसरीन मात्र अजिबात नको, ते हवेतलं पाणी ओढून घेतं.

गुलाबाचा गाभा, म्हणजे मधला टोकदार गोळा, आदल्या दिवशी करून वाळवा. उंची पाकळीच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी ठेवा, नाहीतर टोक वर डोकावतं. पेस्ट इतकी पातळ लाटा की खालच्या वर्तमानपत्राची अक्षरं दिसावीत. बॉल टूल (टोकाला गोळी असलेली काडी) अर्धं पाकळीच्या कडेवर, अर्धं फोमवर ठेवून हलक्या हाताने फिरवा. खरा गुलाब ओळखू येतो तो या कडेवरून, त्यामुळे इथे घाई करू नका. पहिल्या पाकळीने गाभ्याचं टोक पूर्ण झाकायचं, मग २, ३, ५ अशा पाकळ्या. शेवटच्या ५ पाकळ्या चमच्याच्या खोलगट भागात १०-१५ मिनिटं ठेवून थोड्या ताठ झाल्यावरच लावा. ओल्या लावल्या तर स्वतःच्या वजनाने खाली येतात. चिकटवायला दोन मोठे चमचे पाण्यात पाव छोटा चमचा सीएमसी भिजवा, आणि तेही नावापुरतंच लावा. जास्त झालं की पाकळी घसरते.

वाळवताना कूलर बंद. आपल्याकडे उन्हाळ्यात तो दिवसभर चालतो, पण त्याची ओलसर हवा फुलाला मऊ करते. थेट पंख्याखालीही नको, एक बाजू आधी वाळते आणि तडा जातो. पावसाळ्यात फुलं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच दव धरतं आणि रंग ओघळतो.

रंग द्यायचा तो फूल पूर्ण वाळल्यावर, कोरड्या डस्टनेच (खाद्यरंगाची बारीक पूड), गाभ्याकडे गडद आणि कडेला फिका. गर्द लाल हवा असेल तर पेस्टमध्ये आधी गुलाबी रंग घाला. सगळा लाल जेल रंग एकदम ओतला की पेस्ट चिकट होते.

आपल्याकडचे बहुतेक केक व्हिप क्रीमचे असतात, आणि त्या ओलाव्यात फूल विरघळतं. फुलाच्या तळाला वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा थर द्या आणि ते केक देताना अगदी शेवटी लावा. फूल तारेवर केलं असेल तर तार थेट केकमध्ये खुपसू नका, आधी स्ट्रॉ रोवून तिच्यात घाला. कापण्याआधी तारेचं फूल काढायचं, हे गिऱ्हाईकाला डब्यावर लिहूनच द्या.