काटा जुनाच, केबलला मात्र रजा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्याकडे सीजे-३बी जीप आहे. वेगाच्या मीटरची केबल वर्षात तीनदा तुटली. डायल जुनीच ठेवून मीटर इलेक्ट्रॉनिक करायचं आहे. छोट्या स्टेपर मोटरवर (ठरावीक पायऱ्यांनी फिरणाऱ्या मोटरवर) चालणारा काटा मिळतो, तो बसवावा का? (एक वाचक, धाराशिव)

उत्तर: आधी केबल का तुटते ते बघा. नवी केबल परत परत तुटत असेल, तर बहुतेक वेळा दोष मीटरच्या दांड्यात असतो. आपल्याकडची धूळ आणि केबलमधून वर चढलेलं ग्रीस यांचा मलम होतो आणि दांडा जड फिरतो. असा मीटर मोटरलाही फिरणार नाही. दांड्याच्या बुशला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या. आतल्या ॲल्युमिनियमच्या वाटीला तेल लागू देऊ नका. तिच्यात आणि चुंबकात चिकटपणा आला की काटा खोटा वेग दाखवतो.

आता स्टेपर काट्याबद्दल. एक्स२७.१६८ ही मोटर स्वस्त आहे आणि अर्डुइनो नॅनो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाच्या पिनांवर थेट चालते. पण ती बसवायची तर चुंबक, वाटी आणि केसासारखी स्प्रिंग काढून टाकावी लागते, किलोमीटरची चाकं कायमची थांबतात आणि जुना काटा तिच्या १ मिमीच्या दांडीवर बसतही नाही. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: मीटर उघडून रिकामा करू नका. केबल त्याला मागून फिरवत होती, तेच काम एका छोट्या मोटरला द्या. गाडीखालचा सेन्सर फेरे मोजेल आणि नॅनो त्या हिशेबाने मोटर फिरवेल.

सुरुवात मीटरचा आकडा काढण्यापासून. मीटर बाहेर काढा, दांडा हाताने फिरवा आणि १ किलोमीटर पुढे सरकायला किती फेरे लागतात ते मोजा. जितके फेरे, तितकाच ६० च्या वेगाला दांड्याचा दर मिनिटाचा वेग, कारण ६० च्या वेगाला मिनिटाला बरोबर १ किलोमीटर होतो. दांडा कुठल्या दिशेने फिरवल्यावर काटा उठतो तेही लिहून ठेवा. मोटर उलटी जोडली तर काटा शून्याच्या खुंटीला टेकून राहतो आणि चाकं मागे फिरतात.

सेन्सर मागच्या प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या लांब दांड्यावर घ्या. ६ मिमी व्यासाचे दोन निओडिमियम चुंबक शाफ्टच्या फ्लँजवर समोरासमोर बसवा. एकच लावला तर तोल जातो. हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे असेल, तर त्यावर मुळीच चिकटवू नका. तो तापतो आणि साधा निओडिमियम ८० अंशांपुढे जोर घालवतो. चिकटवायला दोन ट्यूबचं इपॉक्सी वापरा, झटपट गोंद नको. ए३१४४ हॉल सेन्सर चुंबकापासून ३ ते ४ मिमीवर ठेवा. चुंबक समोरून गेला की तो एक पल्स, म्हणजे विजेचा ठोका देतो. त्याला फक्त दक्षिण ध्रुव कळतो, म्हणून चिकटवण्याआधी चुंबकाची कुठली बाजू चालते ते टेबलावरच तपासा.

हिशेब असा. खडूने खूण करून चाकाचे पाच फेरे जमिनीवर मोजा आणि पाचने भागा. एका फेऱ्याला २.२ मीटर आले आणि डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलमधला गिअर) ४३ व ८ दातांचं, म्हणजे ५.३८ चं असेल, तर शाफ्ट किलोमीटरला सुमारे २४४५ फेरे घेतो. दोन चुंबकांच्या ४८९० पल्स झाल्या. मीटरला किलोमीटरमागे १००० फेरे लागत असतील आणि मोटरच्या एन्कोडरला (तिचे फेरे मोजणाऱ्या भागाला) फेऱ्यामागे ११ पल्स असतील, तर सेन्सरच्या दर १०० पल्सला एन्कोडरच्या २२५ पल्स यायला हव्यात. प्रोग्राम नुसता वेग जुळवणारा नको, पल्सची मोजणी जुळवणारा हवा. नाहीतर काटा बरोबर आणि किलोमीटर चुकीचे, असं होतं.

मोटर १२ व्होल्टची, एन्कोडरवाली साधी डीसी घ्या. गिअर लावलेली नको, तिचे फेरे कमी पडतात. मोठी स्टेपरही नको. तिच्या धक्क्यांनी काटा थरथरतो. सेन्सर नॅनोच्या पिन २ वर, एन्कोडर ३ वर आणि मोटर ९ वरून आयआरएलझेड४४एन मॉसफेट या इलेक्ट्रॉनिक स्विचमार्फत. मोटरला उलटा डायोड विसरू नका, नाहीतर मॉसफेट जातो. विजेची लाइन इग्निशन स्विचनंतर घ्या. २ अँपियरचा फ्यूज, त्यापुढे व्होल्टेजचे झटके शोषणारा टीव्हीएस डायोड, मग ५ व्होल्टचा कन्व्हर्टर. मोटर मीटरला जोडायला लेथवाला शोधायची गरज नाही: जुन्या केबलचा चौकोनी टोकाचा १५ सेंटीमीटर तुकडा कापा, तोच मोटरच्या दांड्याला बसवा. या तुकड्याला ग्रीस लावायचं नाही.

शेवटी सरळ रस्त्यावर मोबाइलच्या जीपीएसशी ६० च्या स्थिर वेगाला ताडून बघा. वेग वाढवताना जीपीएस मागे राहतो, तेव्हाचा आकडा धरू नका.

प्रश्न: असंच काम पेट्रोल गाडीत केलं. गाडी उभी, इंजिन चालू, तरी काटा ३० वर जातो. (एक वाचक, जालना)

उत्तर: प्लगच्या ठिणगीचा त्रास आहे. इंजिन चालू ठेवून सेन्सरच्या टोकाची वायर काढा. तरीही काटा उठला तर वायरच अँटेना झाली आहे: शील्डवाली वायर टाका, शील्ड फक्त नॅनोच्या टोकाला अर्थ करा आणि प्लगच्या वायरींपासून लांब न्या. पुल-अप, म्हणजे सिग्नलची वायर ५ व्होल्टला ओढून धरणारा रेझिस्टर, १० किलोओहमचा असेल तर २.२ चा लावा. वायर काढल्यावर काटा पडला, तर सेन्सरच्या सप्लाय पिनांवर १०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर बसवा. प्लग कॅप रेझिस्टरवाल्या घ्या. प्रोग्राममध्येही गाळणी हवी: वर सांगितलेल्या जीपमध्ये १२० च्या वेगालाही दोन पल्समध्ये ६ मिलिसेकंद असतात, म्हणून ३ च्या आत आलेली पल्स सोडून द्या.

प्रश्न: ६ व्होल्टच्या जावा मोटरसायकलवर हे जमेल का? (एक वाचक, हिंगोली)

उत्तर: ५ व्होल्टचा साधा कन्व्हर्टर तिथे टिकत नाही. आयडलिंगला व्होल्टेज खाली आलं की नॅनो रीसेट होतो आणि काटा पडतो. व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर लागतो, शिवाय मोटरही ६ व्होल्टची. खरं सांगायचं तर मोटरसायकलवर हा खटाटोप करू नये. केबलचं वळण मोठं ठेवा, खालच्या भागाला हलकं ग्रीस लावा, वरचा वीतभर भाग कोरडा ठेवा.

प्रश्न: गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. अडचण येईल का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर: २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज धरली जाते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. म्हणूनच मोटर आणि नॅनो वेगळ्या डबीत, जुन्याच स्क्रूंवर बसवा. डॅशला नवं भोक पाडू नका आणि मूळ केबल गुंडाळून जपून ठेवा. बदल करताना किलोमीटरचा आकडा आहे तोच राहू द्या आणि तारखेसह फोटो काढून ठेवा.