विचारा की! : वाळवंटातले काळे ठिपके

प्रश्न : नमस्कार, आम्ही कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला राहतो. थँक्सगिव्हिंगला जोशुआ ट्री नॅशनल पार्क बघून ट्वेंटीनाइन पाम्सच्या पुढे वंडर व्हॅलीतून अँबॉयला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खिडक्या गेलेली, छप्पर बसलेली बारकी बारकी खोपटं, आणि माणूस म्हणाल तर औषधालाही नाही. घरी आल्यावर मुलाने त्या भागाचा जुना टोपो नकाशा (डोंगर, ओढे, रस्ते, घरं सगळं दाखवणारा सरकारी नकाशा) डाउनलोड केला तर त्यावर काळे ठिपके मुंग्यांसारखे पसरलेत! एवढी मोठी वस्ती होती का तिथे? आणि नव्या नकाशावर तर एकही घर नाही, आम्ही तर डोळ्यांनी बघून आलो.

उत्तर : तुम्हाला दोन्ही नकाशांनी चकवलंय. जुना वस्ती फुगवून दाखवतो आणि नवा दाखवतच नाही.

आधी जुना घेऊ. १९३८ साली अमेरिकेत स्मॉल ट्रॅक्ट अ‍ॅक्ट आला. सरकारकडे नुसती पडून असलेली जमीन पाच-पाच एकरांचे तुकडे करून लोकांना आधी भाड्याने द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत त्यावर घर उभं केलं की स्वस्तात नावावर करून द्यायची, अशी ती भानगड. म्हणजे आपल्या भाषेत, सातबाऱ्यावर नाव चढवायचंय ना, मग आधी खोपटं बांधून दाखवा. आणि घर म्हणजे तरी केवढं, सुरुवातीला बारा बाय सोळा फुटांचं चालायचं, चाळीतली एक खोली! महायुद्धानंतर, खास करून १९५० च्या दशकात, लॉस एंजेलिसकडच्या लोकांच्या यावर उड्या पडल्या. नोकरी शहरात, सुट्टीला इकडे यायचं, पाणी गाडीत भरून आणायचं. 'जॅकरॅबिट होमस्टेड' म्हणायचे याला, जॅकरॅबिट म्हणजे तिथला लांब कानांचा ससा. पुढे हौस फिटली, उन्हाळा सोसेना, आणि बरेच जण परत फिरकलेच नाहीत.

आता नकाशावाल्याचं काम काय, राहण्याचं घर दिसलं की काळा ठिपका भरायचा. आत चूल पेटते का, वर्षातून चार दिवस पेटते की रोज, हे तो कशाला विचारतोय! त्यामुळे ते ठिपके घरांचे आहेत, कुटुंबांचे नाहीत.

मुलाच्या हातात पट्टी द्या, मजा येईल. १:२४,००० च्या नकाशावर एक इंच म्हणजे २,००० फूट. पाच एकराचा तुकडा साधारण ३३० बाय ६६० फुटांचा, म्हणजे कागदावर जेमतेम चार मिलिमीटर बाय आठ मिलिमीटर. एक मैल लांबी-रुंदीच्या चौकोनात असे १२८ तुकडे बसतात. मग त्यातल्या निम्म्यांवर जरी ठिपका पडला तरी कागद काळा दिसणारच की. रस्तेही बघा, पट्टीने आखलेले. कोरड्या ओढ्याची तुटक निळी रेघ आडवी आली तरी रस्ता सरळ तिच्या अंगावरून जातो. सह्याद्रीत टोपोशीट घेऊन हिंडणाऱ्याला तर हसूच येईल, आपल्याकडे साधी पायवाटसुद्धा ओढ्याचं ऐकून वळते.

आणि नवा नकाशा? २००९ पासून यूएसजीएस, म्हणजे हे नकाशे काढणारी अमेरिकी सरकारी संस्था, ते कॉम्प्युटरवर डेटाबेसमधून बनवते, त्यात एकेकटं घर दाखवायचं त्यांनी बंदच केलंय. त्यामुळे ठिपका नाही म्हणजे घर पाडलं असं समजू नका. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, बरीच पडकी खोपटं पाडली हे खरं, पण काहींत आजही लोक राहतात, काही कलाकारांनी घेतलीत.

प्रश्न : त्याच नकाशावर काही घरं-रस्ते जांभळे का? आणि फोनवरच्या नकाशावर ठेवला की सगळं बाजूला सरकतं, स्कॅन चुकलाय का?

उत्तर : जांभळं म्हणजे नंतरची भर. विमानातून काढलेले फोटो बघून घातलेली, तिथे कुणी जाऊन खात्री केलेली नसते. म्हणूनच खालच्या कोपऱ्यातले सगळे सन वाचायचे, नुसता छपाईचा वाचून नकाशा 'अमुक सालचा' म्हणालात तर फसाल. आणि सरकण्याचं म्हणाल तर स्कॅन बरोबर आहे, ते नकाशे १९२७ च्या डेटमवर आहेत (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा ठरवलेला पाया), फोन वेगळ्या डेटमवर चालतो. तुमच्या भागात शंभरेक मीटरच्या आतबाहेर फरक येतो, म्हणजे खोपटं शेजाऱ्याच्या प्लॉटवर! अ‍ॅपमध्ये नॅड २७, म्हणजे तोच १९२७ चा डेटम, निवडलात की बसेल जागेवर.

प्रश्न : अँबॉय, केडिझ, डॅन्बी… ही नावं कुठून आली हो? काहीतरी क्रम वाटतो.

उत्तर : क्रमच आहे! रेल्वेवाल्यांनी वाळवंटात स्टेशनं टाकताना सरळ ए, बी, सी धरली. अँबॉय, ब्रिस्टल, केडिझ, डॅन्बी, एसेक्स, फेनर, गॉफ्स. अँबॉयच्या पश्चिमेला एक बगदादही होतं, क्रमात नाही पण मान मोठा, १९१२ ते १९१४ मध्ये तिथे सलग ७६७ दिवस पावसाचा थेंब पडला नव्हता. गॉफ्सच्या पुढची अक्षरं मुलाला जुन्या नकाशावर शोधायला लावा, बोट रुळावरून पूर्वेकडे सरकवत न्यायचं.