स्टीव्हन्सची चुकलेली तारीख

प्रश्न : काझुओ इशिगुरो यांच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ या कादंबरीचा निवेदक एकच प्रसंग दोन ठिकाणी सांगतो आणि दुसऱ्या वेळी तो निराळ्याच दिवशी घडल्याचे म्हणतो. ही लेखकाची नजरचूक समजावी काय? शिवाय हा गृहस्थ स्वतःच्या पश्चात्तापाविषयी जवळजवळ अवाक्षर काढत नाही. मग ही पश्चात्तापाची कादंबरी कशी?

उत्तर : ती नजरचूक नाही, आणि आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तरही तिथेच सापडते. (मी स्वतः पहिल्या वाचनात ती दुरुस्ती न थबकता ओलांडून गेलो होतो, हे कबूल करायला हवे.)

कादंबरी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. 1956 च्या जुलैमध्ये डार्लिंग्टन हॉल या हवेलीचा वयस्क बटलर स्टीव्हन्स आपल्या नव्या अमेरिकी मालकाची मोटार घेऊन इंग्लंडच्या पश्चिमेकडे निघतो. हवेलीतली एकेकाळची हाउसकीपर मिस केंटन हिला तो भेटणार आहे. वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एकाशी लग्न ठरल्यावर ती नोकरी सोडून गेली होती. वाटेत तो जुने दिवस आठवत जातो.

त्या आठवणींत एक चित्र आहे. मिस केंटनच्या बंद दाराबाहेर तो उभा आहे आणि आत ती रडत असल्याची त्याची खात्री आहे. आधी तो हे चित्र तिला आईच्या ठिकाणी असलेल्या एका नातलग बाईच्या मृत्यूची बातमी आली, त्या दिवसाला जोडतो. बऱ्याच पानांनंतर तो स्वतःच म्हणतो की बहुधा आपली गल्लत झाली असून ती काही महिन्यांनंतरची रात्र असावी. त्या रात्री त्याचे मालक लॉर्ड डार्लिंग्टन ब्रिटनचे पंतप्रधान आणि नाझी जर्मनीचे राजदूत रिबेनट्रॉप यांची गुप्त बैठक हवेलीत घडवून आणत होते, आणि आपण लग्नाला होकार दिल्याचे मिस केंटनने स्टीव्हन्सला त्याच संध्याकाळी सांगितले होते. तो हातातला ट्रे सावरत क्षणभर दाराशी थांबला आणि पाहुण्यांकडे निघून गेला.

तारीख बदलताच रडण्याचे कारण बदलते. मृत्यूच्या दिवशीचे रडणे परक्या दुःखाचे असते आणि स्टीव्हन्सकडे दोष येतो तो एवढाच, की सांत्वनाचे दोन शब्द बोलायचे राहून गेले. लग्नाच्या होकाराच्या रात्रीचे रडणे मात्र त्याच्यासाठी असू शकते, आणि मग त्या दारावर टकटक न करणे ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक ठरते. आठवणीने ती चूक वीस वर्षे एका सोसवेल अशा दिवसात लपवून ठेवली होती. याहून विलक्षण गोष्ट अशी, की दुरुस्ती केल्यावरही तो त्या रात्रीचा शेवट विजयाच्या भावनेने करतो, कारण कर्तव्यात त्याने कसूर केली नव्हती.

हीच रीत वडिलांच्या मृत्यूच्या प्रसंगात दिसते. 1923 मध्ये हवेलीत भरलेल्या परिषदेच्या वेळी वरच्या मजल्यावर वडील शेवटच्या घटका मोजत असताना तो खाली पाहुण्यांना वाइन देत फिरतो. आपण रडत होतो असे तो सांगत नाही, पण मालक त्याला तसे विचारतात, हे मात्र सांगतो. स्वतःची भावना दुसऱ्याच्या तोंडून आल्याखेरीज त्याला उच्चारता येत नाही.

तरीही ‘अवाक्षर नाही’ हे आपले म्हणणे पुरते मान्य करता येत नाही. भेटीनंतर बसची वाट पाहताना मिस केंटन, त्याच्यासोबतच्या न जगलेल्या आयुष्याचा विचार कधी कधी मनात येत असल्याचे सांगते, तेव्हा आपले काळीज फाटत होते हे तो वाचकाला एका वाक्यात सांगतो आणि तिच्याशी मात्र सभ्यपणे काहीतरी बोलतो. पुढे वेमथ या समुद्रकाठच्या गावी, बंदराच्या धक्क्यावर एका अनोळखी माणसाजवळ तो म्हणतो, की नाझींना साथ देऊन बदनाम झालेल्या मालकांना निदान आपली चूक आपण स्वतः केली असे तरी म्हणता आले. आपण मात्र केवळ विश्वास टाकला, त्यामुळे चूकसुद्धा स्वतःची म्हणता येत नाही. कुणाच्या सावलीत आयुष्य घडलेल्या माणसाचा याहून उघडा पश्चात्ताप मला तरी ठाऊक नाही.

प्रश्न : जपानमध्ये जन्मलेल्या लेखकाने इंग्रजी बटलरचे विश्व का निवडावे?

उत्तर : इशिगुरो यांचा जन्म 1954 मध्ये नागासाकीत झाला, मात्र वयाच्या पाचव्या वर्षापासून ते इंग्लंडमध्ये वाढले. 1986 च्या ‘अ‍ॅन आर्टिस्ट ऑफ द फ्लोटिंग वर्ल्ड’ या कादंबरीत युद्धखोर राजवटीला आपली कला वाहिलेला एक जपानी वृद्ध चित्रकार अशीच सारवासारव करत भूतकाळ सांगतो. ती आधी वाचून मग 1989 ची, बुकर पारितोषिक मिळालेली ही कादंबरी घेतली, तर देश बदलला तरी माणूस तोच असल्याचे आपल्याला दिसेल.