बेसमेंटला ओल येतेय: आधी वॉटरप्रूफिंग की इन्सुलेशन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत साठच्या दशकातलं स्प्लिट-लेव्हल (अर्ध्या-अर्ध्या मजल्यांचं) घर घेतलंय. अर्ध्या भागाखाली बेसमेंट, अर्ध्याखाली क्रॉल स्पेस, म्हणजे रांगत जाण्याइतकीच उंच पोकळी. ब्लॉकच्या भिंतींवर पांढरी भुकटी धरते, जुलैत कुबट वास येतो. एका कंपनीने वॉटरप्रूफिंगचं चौदा हजार डॉलरचं कोटेशन दिलंय. द्यावेत का? आणि निदान इन्सुलेशन (थंडी-उष्णता अडवणारा थर) तरी आत्ता उरकून घ्यावं का?

इन्सुलेशन आत्ता अजिबात नको. ओल्या भिंतीवर ते चढवलं की मागे बुरशी धरते आणि वास येईपर्यंत कळतही नाही. कोटेशनवरही इतक्यात सही करू नका. मीही याच राज्यात, अशाच घरात राहतो. आधी पाणी येतंय कुठून ते शोधा.

पांढरी भुकटी म्हणजे आपला लोणा. पाणी सिमेंटमधले क्षार घेऊन आत येतं, वाळतं, क्षार मागे उरतात. तो जुनाही असू शकतो, म्हणून ब्रशने झाडून टाका आणि पावसानंतर परत धरतो का बघा. उन्हाळ्यातला वास मात्र वेगळ्या कारणाने येत असेल. जमिनीखालची भिंत थंड, बाहेरची हवा दमट. थंड सरबताच्या ग्लासला पाणी सुटतं तसं भिंतीला सुटतं. खात्री करायची तर स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा मोठा चौकोन भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. थेंब खोलीकडच्या बाजूला दिसले तर ओल हवेतली, डीह्युमिडिफायर लावा. भिंतीकडच्या बाजूला दिसले तर पाणी झिरपतंय.

झिरपत असेल तर पुढचा मोठा पाऊस लागला की छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. ओकच्या पानांनी गटर तुंबलंय का? उतरता पाइप थेट पायाशीच सुटतोय का? हजार चौरस फुटांच्या छपरावर इंचभर पाऊस पडला तर सुमारे २,३५० लिटर पाणी होतं, आणि ते सगळं तुम्ही आपल्या हाताने पायाशी ओतताय. पाइप लांबवून पाणी भिंतीपासून निदान सहा फूट दूर सोडा. मातीचा उतार घरापासून बाहेर हवा, पहिल्या दहा फुटांत सहा इंच. बऱ्याच जुन्या घरांत भिंतीलगतची माती बसून उतार उलटा झालेला असतो. हे काम दोन-तीनशे डॉलरच्या सामानात होतं, आणि कोटेशन द्यायला आलेला सेल्समन त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

एवढं करूनही भिंत आणि फरशीच्या सांध्यातून पाणी येत असेल तर भूजल वर चढतंय, आणि मग आतून ड्रेन व संप पंप (फरशीतल्या खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप) हा नेहमीचा उपाय. आतून वॉटरप्रूफ रंग लावून भागणार नाही. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तो पापुद्रे धरून सुटतो. पोकळ ब्लॉकमध्ये साचलेलं पाणी निघावं म्हणून तळाच्या ओळीला भोकं पाडणार का, हे कंपनीला विचारून घ्या. पंपाला बॅटरी बॅकअप हवाच. वादळात पाऊस आणि वीज जाणं एकदमच होतं. २०२१ मध्ये आयडा वादळाच्या रात्री इथल्या किती बेसमेंटांत पाणी शिरलं ते जुने रहिवासी सांगतील. घराच्या साध्या विम्यात झिरपणारं भूजल धरत नाहीत.

क्रॉल स्पेसबद्दल आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की हवा खेळती ठेवली की ओल जाते. इथले जुने नियमही झरोके ठेवा असंच सांगायचे. पण जुलैत त्या झरोक्यांतून दमट हवाच आत येते. मातीवर किमान ६ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पॉलिथिन अंथरा, जोड अर्धा फूट एकमेकांवर घेऊन टेप लावा, कडा भिंतीवर चढवा. मग झरोके बंद करा आणि आतली हवा कोरडी राहील अशी सोय करा. आत गॅसचा हीटर असेल तर झरोके बंद करण्याआधी जाणकाराला दाखवा. फरशीखाली वाशांमध्ये कोंबलेलं फायबरग्लास ओलं होऊन लोंबत असेल, ते काढून टाका. बंद केलेल्या क्रॉल स्पेसमध्ये इन्सुलेशन भिंतींना लागतं.

बेसमेंटची भिंत एक पूर्ण पावसाळी वसंत ऋतू कोरडी राहिली की मग इन्सुलेशन. काँक्रीटला थेट फायबरग्लास लावू नका. आधी दोन इंची कडक फोम (एक्सपीएस या प्रकारचा असेल तर आर-१० मिळतं; आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, जास्त तितकं चांगलं), मग फ्रेम, वर अर्धा इंच ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते). फोम आगीत धोकादायक, तो उघडा ठेवायला नियमांची परवानगी नाही. भिंतीच्या माथ्यावरची लाकडी रिम जॉइस्ट (वरच्या मजल्याच्या वाशांच्या टोकांना लावलेली कडेची फळी) विसरू नका, थंडीत सगळ्यात जास्त वारा तिथूनच शिरतो.

आणि सगळं बंदिस्त झाल्यावर रेडॉनची, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची, चाचणी करा. आकडा ४ पिकोक्युरी प्रतिलिटर किंवा वर आला तर जमिनीखालची हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा बसवावा लागतो. त्याचा पाइप बहुतेकदा संपच्या खड्ड्यातूनच काढता येतो, म्हणून खड्ड्याला हवाबंद झाकण देणार का, हे कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्या.