मार्क द्या, पण तारीख घालून

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत १९८७ पासून २००८ पर्यंत मी व्हिडिओ लायब्ररी चालवली. कॅसेट परत द्यायला आलेल्या प्रत्येकाला मी विचारायची, "दहापैकी किती?" सांगतील तो आकडा वहीत नावापुढे उतरायचा. अशा सहा वह्या अजून माझ्याकडे आहेत. आवडत्या चित्रपटांना मार्क कसे द्यावेत आणि घरचा संग्रह कसा सांभाळावा, यावर आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं देते आहे.

ताई, गेली सहा वर्षं पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाला मी पाचपैकी मार्क देतो. आठशेवर नोंदी झाल्या. परवा यादी चाळली, तर निम्म्याहून जास्त चित्रपटांना साडेतीन नाहीतर चार! त्यातून आवडते दहा निवडायला बसलो, तर काही सुचेना. माझं चुकतंय कुठे?
— एक वाचक, नाशिक

आकड्यात चूक नाही, तो केव्हा दिला यात आहे. टीव्ही बंद करता करता दिलेला मार्क त्या संध्याकाळचा असतो. सोबत कोण होतं, दिवस कसा गेला होता, जेवण झालं होतं की नाही, हे सगळं त्यात उतरतं. ते उतरू द्या, पण लिहून ठेवा. तारीख, जागा, सोबत कोण, आणि डोळ्यांसमोर राहिलेला एक प्रसंग. मग महिनाभराने चित्रपट पुन्हा न बघता, नुसता आठवून दुसरा मार्क द्या. पुन्हा पाहाल तेव्हा तिसरा. आधीचा मार्क कधीही खोडू नका.

माझंच सांगते. जब्बार पटेलांचा 'उंबरठा' १९८२ सालचा. मी तो बऱ्याच उशिरा पाहिला. वहीत माझ्या अक्षरात आहे : "फेब्रुवारी १९८८, रात्री, एकटी. ६. पोरीला ठेवून गेली ते पटलं नाही." माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. २००५ मध्ये तीच मुलगी शिकायला पुण्याला गेली, त्या आठवड्यात मी तो परत लावला. त्याच पानावर, दुसऱ्या शाईत : "९. परत आल्यावर स्वतःच्या घरात ती पाहुणीसारखी वावरते, ते मागच्या वेळी दिसलंच नव्हतं." सहा खोडून नऊ लिहिले असते, तर मधली सतरा वर्षं त्या पानावर उरली नसती.

मार्क बदलले म्हणून अस्वस्थ होऊ नका. ब्रिटनमधलं 'साइट अँड साउंड' हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना त्यांचे सर्वोत्तम दहा चित्रपट विचारतं. पहिल्या खेपेला 'बायसिकल थीव्हज' पहिला आला आणि 'सिटिझन केन' पहिल्या दहांतही नव्हता. मग १९६२ पासून २००२ पर्यंत पाचही वेळा 'केन'च पहिला. २०१२ मध्ये 'व्हर्टिगो'ने त्याला मागे टाकलं आणि २०२२ मध्ये शांताल अकरमन यांचा 'जान दिएलमन' सगळ्यांच्या वर गेला. चित्रपटांची एक चौकटही बदललेली नव्हती.

एक गोष्ट मात्र मला कॅसेटींनी शिकवली. 'अशी ही बनवाबनवी'च्या माझ्या तीन कॅसेटी झिजल्या. लोक परत देताना "आठ", "साडेआठ" असं सांगत. मी कॅसेट लावून तपासायची, तर ठरावीक दोन-तीन जागांवर पडद्यावर आडव्या पांढऱ्या रेघा. घरोघरी लोकांनी त्याच जागा मागे घेऊन घेऊन पाहिलेल्या. तोंडी सांगितलेल्या आठापेक्षा त्या रेघांवर माझा जास्त विश्वास आहे. तुमच्या नोंदीत म्हणून एक रकाना वाढवा : "कुठे मागे घेऊन पाहिलं?" आणि आवडते दहा काढताना यादी बंद ठेवा. कोऱ्या कागदावर जे आपोआप आठवतील ते लिहा, मग यादी उघडून त्यांचे मार्क पाहा. त्यांतल्या काहींना तुम्ही तीनच दिलेले सापडतील. ते आधी पुन्हा बघा.

वडील गेल्यावर त्यांच्या खोलीत १४० व्हीएचएस कॅसेटी निघाल्या. काही विकतच्या चित्रपटांच्या, बऱ्याच दूरदर्शनवरून त्यांनी स्वतः रेकॉर्ड केलेल्या. बऱ्याचजणींवर पांढरं काहीतरी आलंय. घरातले म्हणतात, भंगारात द्या. एक जुना व्हीसीआर आहे, चालू आहे. लावून बघू का?
— एक वाचक, रत्नागिरी

लावू नका. तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा हेच मनात आलं, म्हणून आधी तेच लिहिते. ते पांढरं म्हणजे बुरशी आहे. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पीठ भुरभुरल्यासारखी दिसते. अशी एक कॅसेट व्हीसीआरमध्ये गेली की बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर आणि आतल्या चाकांवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. एका जुलैत माझ्याकडून हे झालं. घाईत एक परत आलेली कॅसेट न बघता दुकानातल्या मशीनवर तपासली आणि पंधरवड्यात अकरा कॅसेटी गेल्या. त्यांतली एक गिऱ्हाइकाच्या लग्नाची होती, दुसरी प्रत नसलेली. ते अजून मनातून जात नाही.

तर आता असं करा. नाकाला फडकं बांधून कॅसेटी उजेडात एकेक तपासा आणि बुरशीच्या वेगळ्या करा. पावसाळा संपेपर्यंत झाकणाच्या डब्यांत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. उन्हात वाळवू नका, टेप वाकडी होते. ठेवताना पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. चांगल्या कॅसेटी पूर्ण रिवाइंड करून ठेवायच्या, आणि प्रत्येकीच्या पाठच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडून टाकायची, म्हणजे चुकून वर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही.

मग ढीग करा. विकतच्या चित्रपटांची घाई नाही. त्यांतल्या ज्यांची स्वच्छ डीव्हीडी किंवा ब्लू-रे मिळते, त्यांची कॅसेट गेली तरी चित्रपट जात नाही. पहिला मान तुमच्या वडिलांनी स्वतः रेकॉर्ड केलेल्यांचा. त्यांत नाटकं असतील, मुलाखती असतील, मध्येच एखादी बातमी, जुन्या जाहिराती, एखाद्या कोपऱ्यात घरातल्या कुणाचा आवाजही असेल. हे जगात दुसरीकडे कुठेच नसण्याची शक्यता आहे. लेबलवर वडिलांच्या अक्षरात जे असेल त्याचा आधी फोटो काढून ठेवा.

संगणकावर घ्यायला व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल वायरी एका छोट्या कॅप्चर यंत्रातून यूएसबीला जोडतात. यात जवळची वाट नाही : तीन तासांच्या ई-१८० कॅसेटला तीन तासच लागतात. १४० कॅसेटी भरलेल्या असतील तर ४२० तास. रोज एक केलीत तर पाच महिने. बुरशीच्या कॅसेटी मात्र घरी करू नका. जिथे द्याल तिथे विचारा, "बुरशीच्या कॅसेटीला वेगळं मशीन आहे का?" गप्प राहिले किंवा हसले, तर कॅसेटी परत घेऊन या. तयार झालेल्या फायली दोन हार्ड डिस्कवर ठेवा आणि दुसरी डिस्क बहिणीच्या, भावाच्या घरी. व्हीसीआर जपा. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं, तेव्हा बनवणारी तीच शेवटची उरली होती. आता आहे तेच यंत्र दुरुस्त करत वापरायचं.

पुण्याहून आणलेल्या डीव्हीडीवर एक जुना मराठी चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. आई ठामपणे म्हणते, तो पूर्ण अडीच तासांचा होता. सहा मिनिटं कापली का? शिवाय इथल्या प्लेअरवर ही डीव्हीडी चालतच नाही, जुन्या लॅपटॉपवर बघावी लागते.
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

आईंचं बरोबर आहे, आणि बहुतेक काही कापलेलंही नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे फ्रेमनी, चित्रित होतो. आपल्याकडची टीव्हीची पॅल पद्धत सेकंदाला २५ दाखवते. म्हणून पॅल डीव्हीडीवर तो चार टक्के जास्त वेगाने पळतो. १५० मिनिटांचे बरोबर १४४ होतात. सूरही चढतो, अर्ध्या सुराच्या आसपास. आईंना गाणी "जरा वरच्या पट्टीत" वाटली का, विचारून बघा. कान तयार असेल तर नक्की हो म्हणतील.

खात्री करायची असेल, तर सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं तिथे थांबवा. रिळावरच्या चित्रपटाची लांबी त्यावर मीटरमध्ये असते. ३५ मिमीची फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते. मीटरना २७.४ ने भागा, खरी मिनिटं हातात येतात. ४,११५ मीटर म्हणजे दीडशे मिनिटं. आईंच्या आठवणीला याहून पक्का साक्षीदार नाही.

प्लेअरचं कारण दुहेरी असू शकतं. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेत, आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर सहसा चालत नाही. भारत पाचव्या विभागात आहे, अमेरिका पहिल्या. आणि तिकडे पॅलऐवजी एनटीएससी पद्धत चालते. सगळे विभाग चालवणारा आणि पॅलचं रूपांतर करणारा प्लेअर घ्या. दोन्ही गोष्टी विचारून घ्या, नुसतं "मल्टी-रिजन" ऐकून पैसे देऊ नका.

आमच्याकडे शंभरेक व्हीसीडी आणि साठ डीव्हीडी आहेत. नवरा म्हणतो, सगळं मोबाइलवर मिळतं, कपाट रिकामं करू. मला ते जिवावर येतं, पण ठेवायचं कारणही नीट सांगता येत नाही.
— एक वाचक, ठाणे

मोबाइलवरचा चित्रपट तुमचा नसतो, त्याच्या हक्कांचा करार संपला की एका रात्रीत यादीतून जातो. हे एक कारण. दुसरं मला कोल्हापूरकर म्हणून जास्त लागतं. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये इथे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. त्यांचा १९२५ चा 'सावकारी पाश' शेतकऱ्याच्या कर्जावरचा, त्यात तरुण व्ही. शांताराम. त्याची प्रत आज उपलब्ध नाही. माझ्याच गावात घडलेला चित्रपट मी कधी पाहू शकणार नाही. तेव्हा "कुणीतरी ठेवलंच असेल" या भरवशावर मी काहीच सोडत नाही.

पण सगळं ठेवायलाच हवं, असंही नाही. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं असतं. मोठ्या टीव्हीवर चेहरे चौकोनी चौकोनी फुटतात. डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६, ब्लू-रेमध्ये १९२० गुणिले १०८०. ज्या चित्रपटाची डीव्हीडी आहे त्याची व्हीसीडी खुशाल द्या. ज्याची फक्त व्हीसीडीच आहे, ती ठेवा. २००७ च्या सुमारास २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी मिळू लागली, तेव्हा लोकांनी न बघताच ढिगांनी घेतल्या. तुमच्या शंभरांत तशा किती आहेत, ते पाहा. माझा नियम साधा आहे : जो मी दोनदा पाहिला आणि तिसऱ्यांदा कुणाला तरी दाखवावासा वाटतो, तो कपाटात राहतो.

घरी बर्न केलेल्या, खालून जांभळट-निळ्या दिसणाऱ्या डिस्क आधी संगणकावर उतरवा, त्या विकतच्या चंदेरी डिस्कपेक्षा लवकर दगा देतात. पुसताना मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही. आणि नवऱ्याला कारणं देत बसण्यापेक्षा या रविवारी एक लावा. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' असेल तर तोच. १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेलेला चित्रपट आहे. फक्त लावण्याआधी टीव्हीची सेटिंग बघा. जुने चित्रपट जवळजवळ चौकोनी असतात, रुंद पडद्यावर ताणले की तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा आडवा पसरतो. बाजूला काळे पट्टे राहू देत. ताणून पाहिलेल्या चित्रपटाला मी मार्क देत नाही.

काकू, मी नववीत आहे. आजोबांनी मला त्यांच्या ४२ डीव्हीडी दिल्या. त्या भाषेप्रमाणे लावू, वर्षाप्रमाणे लावू की मार्कांप्रमाणे?
— एक वाचक, इस्लामपूर

वर्षाप्रमाणे लाव. मार्कांप्रमाणे लावल्या तर दर महिन्याला कपाट हलवावं लागेल, आणि खालच्या कप्प्यातल्या चित्रपटांना तू हातच लावणार नाहीस. वर्षाप्रमाणे लावल्या की कुठला चित्रपट कुठल्याच्या मागोमाग आला ते रोज नजरेस पडतं. आधी काळे-पांढरे, मग रंग कधी आला, एकच नट कसा म्हातारा होत गेला.

डिस्कवर पेनाने लिहू नकोस, चिकटपट्टीही लावू नकोस. डबीत एक चिठ्ठी ठेव. तिच्यावर पहिली ओळ आजोबांना विचारून लिही : त्यांनी तो कधी पाहिला, कुठल्या थिएटरात, दहापैकी किती. त्याखाली तुझी तारीख आणि तुझे मार्क. कुणी डीव्हीडी मागितली तर दे, पण चिठ्ठी काढून घे आणि तिच्या मागे नेणाऱ्याचं नाव लिही. परत आणून देईल तेव्हा त्यालाही विचार, दहापैकी किती.