प्रकाश वेगवान, पण म्हणून नव्हे

प्रश्न : समांतर संगणकातील (एकाच कामावर अनेक प्रोसेसर एकदम राबवणाऱ्या यंत्रातील) प्रोसेसर तांब्याच्या तारांऐवजी प्रकाशाने जोडल्यास संदेश प्रकाशाच्या वेगाने जातील. मग तांबे अजून का वापरतात? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ‘प्रकाशाचा वेग’ हे शब्द येथे थोडे फसवे आहेत. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मीटरभर अंतराला त्याला ५ नॅनोसेकंद लागतात. चांगल्या तांब्याच्या केबलमधील संकेतही जवळजवळ तेवढ्याच वेळात पोहोचतो. प्रकाशाचा खरा फायदा वेगळाच आहे. संकेताची वारंवारता वाढू लागली की तांब्यातील प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगत सरकतो, रोध वाढतो, भोवतालचे आवरणही ऊर्जा शोषू लागते, आणि तारांच्या एका जोडीतून सेकंदाला १०० गिगाबिट पाठवायचे झाल्यास साधी केबल दोन-तीन मीटरांतच दम टाकते. काचेच्या तंतूत मात्र किलोमीटरभर गेल्यावरही दहा टक्क्यांहून कमी प्रकाश वाया जातो, शिवाय एकाच तंतूतून निरनिराळ्या रंगांचे प्रकाश स्वतंत्र संदेश घेऊन जाऊ शकतात.

मग सगळीकडे काचच का नाही? कारण प्रोसेसरला प्रकाश कळत नाही. एका टोकाला लेसर व त्याच्या प्रकाशावर संदेश चढवणारा मॉड्युलेटर, दुसऱ्या टोकाला प्रकाशाची पुन्हा वीज करणारा प्रकाशशोधक हवा, आणि या रूपांतराला वीज लागते. एन्व्हिडिया कंपनीने २०२४ मध्ये ७२ जीपीयूंचा (एकाच वेळी असंख्य आकडेमोडी करणाऱ्या चिपांचा) एक रॅक, म्हणजे यंत्रांचे उभे कपाट, दाखवला, त्यात ५,००० हून अधिक तांब्याच्या केबल होत्या. तेथे प्रकाशीय जोडणी केली असती तर केवळ तिच्यासाठी २० किलोवॉट खर्ची पडले असते, असे कंपनीने सांगितले होते.

गूगलच्या ‘टीपीयू व्ही-४’ या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी बांधलेल्या यंत्रात अंतरानुसार केलेली विभागणी मला अधिक बोलकी वाटते. ६४ चिपांचा एक ठोकळा एका रॅकमध्ये बसतो व त्यातील चिपा तांब्यानेच जोडलेल्या असतात. असे ६४ ठोकळे, म्हणजे ४,०९६ चिपा, परस्परांशी तंतूंनी आणि ४८ प्रकाशीय स्विचांनी जोडलेल्या आहेत. या स्विचांत प्रकाशाची वीज होतच नाही, सूक्ष्म आरसे किंचित कलून किरण हव्या त्या तंतूत वळवतात. एखादा ठोकळा बिघडला तर आरसे फिरवून त्याच्या जागी दुसरा घेता येतो. मात्र आरसे वळायला काही मिलिसेकंद लागतात, आणि संगणकाच्या हिशेबी हा फार मोठा काळ आहे; म्हणून प्रत्येक संदेशासाठी ते हलवत नाहीत, काम सुरू होण्यापूर्वी एकदाच जुळवून ठेवतात.