कथा पुढे कधी न्यावी? ‘एक्सकॉम’ खेळणाऱ्यास पत्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’मध्ये, परग्रहवासीयांच्या आक्रमणाविरुद्ध सैनिकांचे पथक लढवण्याच्या त्या संगणकीय खेळात, तू जुलैच्या मध्यावर पोहोचला आहेस, सगळ्यांच्या हाती लेझर रायफली आल्या आहेत, चौघांना कॅरापेस चिलखत मिळाले आहे, शत्रूच्या तळात शिरण्याची किल्ली, म्हणजे स्केलेटन की, तयार होऊन पडली आहे आणि परग्रहवासीयांच्या तळावरच्या हल्ल्याची मोहीम केव्हाची तुझी वाट पाहत आहे. तरीही लेझरहून प्रबळ अशी प्लाझ्मा शस्त्रे हाती आल्याखेरीज तिथे पाऊल टाकायचे नाही असे तू ठरवलेस, आणि तेवढ्यात तुला पैसा पुरवणाऱ्या देशांच्या परिषदेतून दोन देश बाहेर पडले. ‘अजून किती ताकद वाढवू?’ असे तू विचारतोस. माझ्या मते या खेळात ताकदीचा प्रश्न दुसरा येतो. थांबण्याची किंमत काय पडते आहे, हे आधी विचारायला हवे, कारण ती किंमत तू भरतो आहेस आणि तिचा हिशेब मात्र ठेवलेला नाहीस.

थांबणे सगळ्याच खेळांत महाग नसते. ‘डिसगाया’मध्ये पात्राची लेव्हल ९९९९ पर्यंत नेता येते आणि तोवर कथा निमूट जागेवर उभी राहते; तिथे खर्च होतो तो फक्त तुझ्या संध्याकाळचा. १९९७ च्या ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’मध्ये हिशेब जरा वेगळा आहे, कारण वाटेत अवचित गाठ पडणारे शत्रू तुझ्या पथकाच्या लेव्हलबरोबर वाढत जातात आणि नुसती लेव्हल फुगवून बसलेल्याला एखादी किरकोळ चकमक कथेतल्या लढाईपेक्षाही जड जाऊ शकते, तिथे सरावाचा खरा लाभ नवनवे जॉब (पात्रांचे पेशे) शिकून कौशल्ये जोडण्यात असतो. या खेळांतून आलेली सवय तू ‘एक्सकॉम’मध्ये आणली आहेस असे तुझ्या पत्रावरून वाटते. इथे मात्र दिनदर्शिका चालू असते. मोहीम १ मार्च २०१५ रोजी सुरू होते, आणि तू कथेला हात लाव वा न लाव, सेक्टॉइड, थिन मॅन आणि फ्लोटर या सुरुवातीच्या शत्रूंच्या जागी महिन्यामहिन्याने अधिक बलाढ्य म्युटॉन, सायबरडिस्क आणि पुढे सेक्टोपॉड येत राहतात. तू प्लाझ्माची वाट पाहत असताना समोरचा हात बांधून बसलेला नसतो, म्हणून तुझी ताकद वाढली की नाही हे तुझ्या शस्त्रागाराकडे पाहून ठरत नाही. शेवटच्या तीन-चार चकमकींत तुझे किती जण जखमी होऊन परतले, यावरून ते अधिक खरे कळते.

कथा पुढे नेली की अधिक भयंकर शत्रू अंगावर येतात, ही भीती अगदीच निराधार नाही. सेक्टॉइड कमांडर पहिल्यांदा त्या तळावरच भेटतो आणि इथिरियल पहिल्यांदा ओव्हरसियर यानात. पण तुला आज जे म्युटॉन छळत आहेत ते दिनदर्शिकेनेच पाठवले आहेत, आणि तळ तसाच सोडून दिल्याने त्यांतला एकही परत जाणार नाही.

आता थांबण्याची खरी किंमत पाहू. परिषदेत १६ देश आहेत आणि प्रत्येकाच्या पॅनिकच्या, म्हणजे तिथल्या घबराटीच्या, ५ पायऱ्या आहेत. महिनाअखेरीस परिषदेचा अहवाल येतो तेव्हा पाचव्या पायरीवर असलेला देश हातचा जाऊ शकतो आणि गेलेला देश परत येत नाही. असे ८ देश गेले की खेळ संपला. परग्रहवासी माणसे पळवू लागले की अपहरणाच्या तीन हाका एकदम येतात, तुला एकीलाच धावून जाता येते, आणि उरलेल्या दोन ठिकाणी पॅनिक चढते. म्हणजे तू प्रत्येक लढाई जिंकलीस तरी जग हळूहळू हातातून निसटत राहावे अशीच या खेळाची रचना आहे. या चढत्या पॅनिकला सगळीकडे एकाच वेळी खाली ओढणारी जी गोष्ट सुरुवातीच्या महिन्यांत तुझ्या हाती असते, ती तू लांबणीवर टाकलेली तळावरच्या हल्ल्याची मोहीमच आहे. ती यशस्वी झाली की सर्व देशांतले पॅनिक २ पायऱ्यांनी उतरते. ही एकदाच वटवता येणारी हुंडी आहे. ती मेमध्येच वटवलीस, जेव्हा बहुतेक देश पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असतात, तर तिचे निम्मे मोल वाया जाते; आणि देश निघून गेल्यावर वटवलीस तर त्या देशांपुरते तिचे मोल शून्य. तुझ्या बाबतीत दुसरी गोष्ट घडली आहे.

म्हणून मी दोन कामे अगदी वेगळी धरतो: किल्ली तयार करणे आणि किल्ली वापरणे. पहिल्यात विलंब नको आणि दुसऱ्यात घाई नको. तळाची मोहीम एकदा उपलब्ध झाली की ती पळून जात नाही, त्यामुळे किल्ली लवकर हाती असण्यात तोटा काहीच नाही. उलट, पॅनिक भडकल्यानंतर शत्रूला जिवंत पकडणाऱ्या आर्क थ्रोअरचे संशोधन सुरू करणे, मग एखाद्या यानाची वाट पाहणे, मग त्या यानातला आउटसायडर हा शत्रू जिवंत पकडणे, मग त्याच्या शार्डचा (स्फटिकाच्या तुकड्याचा) अभ्यास करणे, म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. तुझ्याकडे किल्ली आहे, पण पुन्हा नवी मोहीम सुरू करशील तेव्हा उपयोगी पडावे म्हणून आउटसायडरला पकडण्याची माझी रीत सांगून ठेवतो. यानातला आउटसायडर स्फटिकातून उभा राहतो. तो दिसला की पथक थोडे मागे आडोशाला घ्यावे, बाकीच्यांनी ओव्हरवॉच (शत्रू हलताच गोळी झाडण्याचा पवित्रा) लावावे आणि त्याला आपल्याकडे येऊ द्यावे. मग लेझरने एक जखम करावी आणि उरलेले रक्त पिस्तुलाने, थोडे थोडे उतरवावे, कारण त्याची प्रकृती जितकी खालावलेली तितका आर्क थ्रोअर लागण्याचा संभव अधिक. आर्क थ्रोअर घेतलेल्या सैनिकाला अगदी जवळ जावे लागते, म्हणून तो सर्वांत शेवटी हलवावा. डाव फसलाच, तर पुढच्या क्षणी त्या शत्रूला ठार करू शकेल असा एक जण गोळी राखून उभा असला पाहिजे.

जिवंत पकडण्याची ही सवय इतरांच्या बाबतीतही लावून घे, कारण ठार झालेल्या शत्रूच्या शस्त्राचे तुकडेच हाती येतात आणि पकडलेल्याचे शस्त्र अखंड मिळते. प्लाझ्माचा रस्ता तिथूनच लवकर उघडतो. ग्रेनेड वापरलास की ते तुकडेही नष्ट होतात, म्हणून संशोधनप्रमुख डॉ. व्हालेन नाराजी व्यक्त करतात. पहिल्या दोन महिन्यांत ते फारसे मनावर घेऊ नये असे माझे मत आहे. तुकड्यांपेक्षा माणूस महाग असतो.

किल्ली वापरण्याची वेळ ठरवताना सिच्युएशन रूममधला नकाशा पाहावा, शस्त्रागार नव्हे. महिन्याचा शेवटचा आठवडा लागला की किती देश चौथ्या आणि पाचव्या पायरीवर आहेत ते मोज. एखाद-दुसराच असेल तर उपग्रहाने काम भागते, कारण उपग्रह सोडताच त्या देशातले पॅनिक उतरते. तीन-चार किंवा अधिक असतील आणि उपग्रह पुरणार नसतील, तर तळावर जाण्याचा मुहूर्त तोच. उपग्रहांचेही गणित असेच आहे: एक उपग्रह तयार व्हायला २० दिवस लागतात, त्याला सामावून घेणारे अपलिंक उभारायला १४ दिवस, आणि एका अपलिंकवर २ उपग्रह चालतात, दोन अपलिंक शेजारी-शेजारी बांधले तर आणखी एकाची सोय होते. म्हणजे महिनाअखेर उपयोगी पडायचा उपग्रह महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच मागवलेला असला पाहिजे. नंतर मागवणे म्हणजे वरातीमागून घोडे. तयार झालेला उपग्रह मात्र लगेच सोडू नये. देशाकडून मिळणारा पैसा महिनाअखेरीसच हिशेबात धरला जातो, म्हणून शेवटच्या दिवसांपर्यंत तो हाती राखून, जिथे आग लागली असेल तिथे सोडावा. उपग्रहाचे छत्र असलेल्या देशात अपहरणे होत नाहीत, त्यामुळे एखाद्या खंडात अपहरणांचा उपद्रव फारच वाढला असेल तर हा नियम मोडायला हरकत नाही.

आता तू ज्याला ताकद म्हणतोस तिच्याकडे येतो. तळ काय मागतो, एवढेच पाहा. सहा जणांचे पथक तो निश्चित मागतो, आणि पाचवी व सहावी जागा ऑफिसर ट्रेनिंग स्कूलमधून मिळते. ती घेतली नसशील तर प्लाझ्मापेक्षा तिच्यावर पैसा घाल. लेझर पुरतात. कॅरापेस चौघांना आहे, ते सहा जणांना कर. क्रिसॅलिड भेटतील हे धरून चाल. ते धावत अंगावर येतात आणि त्यांनी मारलेला माणूस झोंबी होऊन उठतो, म्हणून अंधारात लांब उड्या घ्यायच्या नाहीत आणि प्रत्येक पावलानंतर निम्म्या पथकाने ओव्हरवॉचवर राहायचे. शेवटच्या दालनात सेक्टॉइड कमांडर असतो आणि तो तुझ्या सैनिकाचे मन ताब्यात घेऊ शकतो. त्याने नेमका रॉकेट असलेला हेवी (जड शस्त्रे चालवणारा सैनिक) उचलला तर तेच रॉकेट तुमच्यावर येईल, म्हणून त्या दालनात शिरण्यापूर्वी रॉकेट वापरून संपवलेले बरे. मन ताब्यात गेलेल्या सैनिकावर गोळी झाडायची नाही; कमांडर पडला की तो आपोआप सुटतो. या सगळ्यात प्लाझ्मा असला तर चांगलेच, पण त्याच्यावाचून अडते असे नाही.

ताकदीचा एक भाग मात्र तुझ्या पत्रात कुठेच दिसला नाही, तो म्हणजे दुसरी फळी. सहा शूर आणि बाकी सगळे कोरे अशी अवस्था असेल, तर एका वाईट चकमकीनंतर ते सहा जण रुग्णालयात असतात आणि तुझे काम खरोखर ठप्प होते; मग इच्छा असूनही महिनाअखेरची मोहीम घेता येत नाही. प्रत्येक सोप्या मोहिमेत एक-दोन नवखे नेत जा.

२०१६ च्या ‘एक्सकॉम २’कडे वळशील तेव्हा मनाची उलट तयारी लागेल. तिथे अ‍ॅव्हटार प्रकल्पाची, म्हणजे शत्रूच्या योजनेची, लाल पट्टी डोळ्यांसमोर भरत जाते, आणि ती पाहून बहुतेक नवे खेळाडू धास्तावून अपुऱ्या तयारीनिशी कथेच्या मोहिमा उरकतात. पट्टी भरणे म्हणजे हार नव्हे. ती भरल्यावर शेवटची उलटी गणती सुरू होते आणि शत्रूचे एखादे केंद्र उद्ध्वस्त करून ती थांबवता येते, म्हणून एक केंद्र आवाक्यात ठेवून, ते पाडायचे मात्र लांबवत राहावे. तिथे तुला दम धरायला शिकावे लागेल, इथे तो सोडायला. कथेसाठी तिथल्या अधिकाऱ्याच्या डोक्यात स्कलजॅक हे यंत्र खुपसावे लागते आणि त्याच क्षणी कोडेक्स हा नवा शत्रू उभा राहतो; ते काम मोहिमेतले बाकीचे शत्रू संपल्यावरच करावे. २०१७ च्या ‘वॉर ऑफ द चोझन’मध्ये या मुदती लांबवण्याचा पर्याय मोहीम सुरू करतानाच दिलेला आहे. तो घेण्यात कमीपणा नाही, पण आधी एकदा मूळ मुदतीत खेळून पाहा.

थांबणे स्वस्त होते असा काळ ‘एनिमी अननोन’मध्येही येतो. सर्व उरलेल्या देशांवर उपग्रह फिरू लागले की पॅनिक जवळजवळ विसरता येते, आणि मग सायॉनिक लॅबमध्ये दर १० दिवसांनी तिघांच्या मनःशक्तीची चाचणी घेत राहायला हरकत नसते. शेवटच्या मोहिमेचे दार उघडणाऱ्या गॉलॉप चेंबरपर्यंत पोहोचलास की मात्र पुन्हा जपून. (१९९४ च्या मूळ खेळाचे कर्ते ज्युलियन गॉलॉप यांचे नाव त्या खोलीला दिले आहे, हे मला फार आवडते.) तिथे पाऊल टाकण्याआधी एक वेगळा सेव्ह करून ठेव आणि त्याला पुन्हा हात लावू नकोस. ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’मधल्या रायोव्हानेस किल्ल्यात लागोपाठच्या लढायांमध्ये खेळ सेव्ह करायला सुचवतो, आणि एकुलता एक सेव्ह तिथे केलेल्या खेळाडूला पुढे विग्राफ या शत्रूशी नायक रामझाला एकट्याने झुंजावे लागते हे कळते तेव्हा सरावासाठी बाहेर पडायची वाट बंद झालेली असते. पथक कितीही बलाढ्य असो, त्या झुंजीत त्याचा उपयोग नसतो.

तुझ्यापुरते सांगायचे तर प्लाझ्माचे संशोधन चालू राहू दे, त्यासाठी थांबू नकोस. आज सहावी जागा विकत घे, उरलेल्या दोघांना कॅरापेस दे, जखमींचे दिवस मोज आणि २८ जुलैच्या आसपास तळावर जा. जाण्याच्या आदल्या दिवशी नकाशावर कोणकोणते देश पाचव्या पायरीवर होते आणि अहवालानंतर त्यांतले किती राहिले, ते मला कळव.

कळावे, लोभ असावा.

तुझा हितचिंतक